निर्मनुष्य दृश्य, गजबजलेले गद्य : बोर्न आणि अ‍ॅडम्स यांच्या दोन संहिता

प्रवासी छायाचित्रकाराचे लेखन हे त्याच्या चित्रांना जोडलेले पूरक टिपण मानण्याची प्रथा आहे. चित्र ही कलाकृती आणि लेखन ही तिच्या निर्मितीची हकिगत, अशी ही विभागणी. तौलनिक अभ्यासाला ती पुरेशी ठरत नाही; कारण चित्राने जे वगळले तेच पुष्कळदा लेखनात शिल्लक राहते. सॅम्युएल बोर्न यांची हिमालयातील छायाचित्रे व प्रवासवर्णने हा त्याचा ठळक दाखला होय.

नॉटिंगहॅममधील बँकेची नोकरी सोडून बोर्न १८६३ मध्ये भारतात आले. १८६३, १८६४ आणि १८६६ अशा तीन वर्षी त्यांनी हिमालयाच्या मोहिमा काढल्या. त्यांच्या मोठ्या काचा १२ × १० इंचांच्या होत्या. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, तो ओला असतानाच प्रकाशन करायचे आणि लगेच तंबूत चित्र विकसित करायचे, अशी ही पद्धती. साहजिकच संपूर्ण अंधारखोली डोंगरावर न्यावी लागे. पहिल्याच प्रवासात सुमारे ३० हमाल होते. १८६६ मध्ये तर सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत त्यांनी छायाचित्रे घेतली.

‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’ या नियतकालिकात १८६४ ते १८७० या काळात टप्प्याटप्प्याने आलेली त्यांची वर्णने या हमालांनी भरलेली आहेत. हमाल ओझे टाकून पळतात, गावात लपतात. बोर्न त्यांना शोधून काढतात आणि काठी वापरल्याचेही संकोच न करता सांगतात. छायाचित्रांत मात्र हिमशिखरे, देवदार आणि गाढ स्वस्थता. माणूस आलाच तर बहुधा पर्वताची भव्यता मोजण्याच्या मापापुरता.

दीर्घ प्रकाशनकाळात हलती माणसे टिपता येत नसत, हे स्पष्टीकरण येथे अपुरे आहे. माप म्हणून माणसाला स्थिर उभे करता येत होते. तेव्हा ओझे वाहणारा म्हणून त्याला न दाखवणे ही तंत्राची मर्यादा नसून रचनेची निवड ठरते. इंग्लंडमधील निसर्गचित्रणाचे संकेत बोर्न यांनी हिमालयाला लावले, आणि त्या संकेतांत श्रमाला जागा नव्हती. गद्याला असा संकेत आड आला नाही. उलट, हमालांची ‘अवज्ञा’ हा साहसकथेचा अडथळा म्हणून उपयोगी पडला. म्हणून वासाहतिक वर्चस्व गद्यात उघडपणे बोलते, तर चित्रात ते अदृश्य होऊन सौंदर्य बनते.

हाच प्रश्न फिल्मच्या युगात कसा बदलतो, हे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्याशी तुलना केल्यास दिसते. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ येथे १९४१ च्या शरदात त्यांनी ८ × १० इंचांच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या चंद्रोदयाची हकिगत १९८३ च्या ‘एक्झाम्पल्स’ या पुस्तकात आहे. मावळतीचे ऊन स्मशानातील क्रुसांवर होते, प्रकाशमापक सापडेना, चंद्राच्या तेजस्वितेवरून त्यांनी गणित बांधले. एक निगेटिव्ह झाली, दुसरीच्या आत ऊन सरले. येथेही चित्र शांत आणि गद्य धावपळीचे आहे. परंतु या धावपळीतले सोबती, मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट, नावानिशी येतात. हमालांची जागा मोटारीने घेतली आहे. विरोध उरला आहे तो फक्त मावळत्या प्रकाशाचा.

दोन्ही कॅमेरे जड, दोघांचीही प्रतिमा दुधी काचेवर उलटी उमटणारी, आणि दोघांनाही एका वेळी एकच चित्र. या संथपणालाच साधना म्हणून गौरवण्याची रीत आहे. बोर्न यांचे गद्य त्या गौरवाला एक प्रश्न जोडते : छायाचित्रकार प्रकाशाची वाट पाहत असताना थंडीत आणखी कोण थांबले होते? चित्राजवळ याचे उत्तर नाही. ते प्रवासवर्णनात आहे, तेही अनिच्छेने आणि मालकाच्याच भाषेत. त्यामुळे या दोन संहिता एकत्र वाचणे ही केवळ पद्धतीची सोय राहत नाही. ज्यांची नावे कोठेच नोंदली गेली नाहीत, त्यांच्यापर्यंत पोचण्याची ती एक वाट ठरते.