बारा यार्डांवरचा आरोपी

जन्मभर नाटकांची परीक्षणे लिहिणाऱ्या मला फुटबॉलवर लिहिण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार नाही, पण १९९४ च्या जुलैत एका उत्तररात्री, सारे घर टीव्हीसमोर जागत असताना, मी विश्वचषकाचा शेवटचा प्रवेश पाहिला, आणि त्याच्या रचनेविषयीची माझी तक्रार अजून मिटलेली नाही.

पॅसाडेनाला ब्राझील आणि इटली १२० मिनिटे खेळले. गोल एकही नाही. मग पेनल्टी शूटआऊट. इटलीचा पाचवा फटका रॉबेर्तो बाजोकडे आला. बाद फेरीच्या तीन सामन्यांत पाच गोल करून संघाला इथवर आणले ते याच गृहस्थाने. चेंडू आडव्या दांडीवरून निघून गेला. तो मान खाली घालून तिथेच उभा राहिला. आमच्या वहिनींना ऑफसाइड अजून कळलेले नाही; त्या हळूच म्हणाल्या, “भावोजी, याची आई बघत असेल का हो?”

वास्तविक बारेसी आणि मासारो यांचेही फटके वाया गेले होते. बाजोचा गोल झाला असता तरी बरोबरीच; ब्राझीलचा एक फटका शिल्लक होता. पण हा हिशेब कोण करतो? पडदा पडताना जो रंगमंचावर, खापर त्याच्या माथी.

१९६८ साली नेपल्सला युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात इटली व सोव्हिएत संघ यांचा निकाल चक्क नाणे उडवून लावला होता. तो पोरखेळ होता, आणि १९७० मध्ये पेनल्टीचा नियम आला हे ठीकच झाले. १९७६ साली बेलग्रेडला चेकोस्लोव्हाकियाच्या पानेन्काने निर्णायक चेंडू अलगद मधोमध सोडला आणि पश्चिम जर्मनीचा मायर भलतीकडेच झेपावला, त्या कसबाला मी मनापासून दाद देतो. मात्र त्याआधीच हेनेसचा फटका आभाळात गेला होता, आणि त्याला तो जन्माचा चिकटला.

माझी तक्रार एवढीच. नाणेफेकीत हरणाऱ्या संघात अपराधी कोणी नसे. अकराजणांचे हे नाटक आता एकाच्या स्वगतावर संपवतात, आणि ते स्वगतही मुके!

२०२२ साली लुसैलला अर्जेंटिना आणि फ्रान्स ३-३ असे बरोबरीत राहिले. पेनल्टी सुरू होणार म्हणताच वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या.

“निकाल लागला की हाक मारा,” म्हणाल्या.