अकरा ते बत्तीस

११-१२-१४-१६-१८-२१-२४-२८-३२.

एवढीच ओळ. मध्यम किमतीच्या रोडबाईकच्या तपशीलपत्रकात ती तळाकडे कुठेतरी असते, 'कॅसेट' या शब्दासमोर. पुष्कळदा तीही पूर्ण छापलेली नसते, नुसतं '११-३२' लिहिलेलं असतं आणि मधले सात आकडे आपण हुडकायचे. वर फ्रेमचं कौतुक, कार्बनचा फोर्क, रंगाचं भारदस्त नाव. गिऱ्हाईक तिथेच रमतं.

चंद्रपूरच्या एका मित्रासाठी सायकल बघायची म्हणून अशी पत्रकं गोळा केली. त्याची मागणी साधी होती: "चढावर हलकी पाहिजे, सपाटीवर पळाली पाहिजे, अन् लाखाच्या वर जायचं नाही." कागदावर या दोन वेगळ्या सायकली आहेत. एक वजनाचा ग्रॅम-ग्रॅम छाटणारी, दुसरी वाऱ्याला चुकवण्यासाठी नळ्या चपट्या करणारी. दोन्ही गुण एका फ्रेममध्ये मिळतात, पण तिची किंमत ऐकून माणूस मोटारसायकलचा विचार करू लागतो. लाखाच्या आत तडजोडच मिळते, आणि ती कुठे कशी केली आहे हे या नऊ आकड्यांत जेवढं दिसतं तेवढं पत्रकात दुसरीकडे कुठेही दिसत नाही. दहावीच्या पेपरात रसग्रहणाला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं अशा पायऱ्या ठरवून दिलेल्या असतात. त्या मी चढत नाही. ओळ मात्र कवितेसारखीच वाचायची आहे.

आधी लय. लगतच्या आकड्यांतलं अंतर मोजा: एक, दोन, दोन, दोन, तीन, तीन, चार, चार. पुढे जावं तशी उडी वाढत जाते. पहिल्यांदा हे विस्कळीत वाटतं. सरळ दोन-दोन दात्यांनी का नाही वाढवत? कारण पायांना वजाबाकी कळत नाही, भागाकार कळतो. १२ वरून १४ वर गेलं काय आणि २४ वरून २८ वर गेलं काय, पायाला सारखाच फरक जाणवतो, सतरा टक्के. पहिली ११ ते १२ ही उडी सोडली तर बाकी सगळ्या साडेबारा ते सतरा टक्क्यांच्या मध्ये बसतात. वाढत्या अंतरांतून समान ठेका काढलेला आहे. आता कॅसेट हातात घेऊन दात्यांकडे पाहा. सगळे एका मापाचे नाहीत. काही आखूड, काहींची कड तिरकी कापलेली, चकतीच्या बाजूला उथळ खाचा. ती झीज नव्हे, घडण आहे. जोर लावलेला असतानाही साखळीला वरच्या चकतीवर चढता यावं म्हणून केलेल्या या वाटा. जपानच्या साकाई शहरात १९२१ साली सुरू झालेल्या शिमानो कंपनीने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही घडण रूढ केली. या कंपनीचा पहिला माल होता साधं फ्रीव्हील.

आता आशय, आणि तो उजवीकडून वाचायचा. ३२.

पुढे दोन चकत्या असतात, ५० आणि ३४ दात्यांच्या. पुढे ३४, मागे ३२ लावलं की पायडलच्या एका फेरीत सायकल सव्वादोन मीटरच्या जरा पुढे सरकते. पाच टक्क्यांचा चढ, ताशी १० किलोमीटर वेग: मिनिटाला ७३ फेऱ्या होतात. श्वास लागतो, पण गुडघा कुरकुरत नाही. शर्यतीच्या जुन्या सायकलीवर पुढे ३९, मागे २५ असायचं. त्याच चढावर त्याच वेगाने तिथे ५० फेऱ्या पडतात आणि प्रत्येक फेरी पोत्यासारखी उचलावी लागते. विशीतल्या पोराला चालतं. माझा मित्र बेचाळीस वर्षांचा आहे आणि पाळीची नोकरी करतो.

या सोयीकडे पूर्वी कमीपणाने पाहत. टूर द फ्रान्स १९०३ साली सुरू झाली आणि धावती साखळी एका चकतीवरून दुसरीवर टाकणारं यंत्र वापरायला तिथल्या स्पर्धकांना १९३७ उजाडेपर्यंत परवानगी नव्हती. संस्थापक आंरी देग्रांज यांच्या मते ते म्हाताऱ्यांचं खेळणं. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळतो. त्या राजाच्या मागे किती दात्यांची चकती होती हे कुणी विचारत नाही. आणि आमच्या जिल्ह्याचंच सांगायचं तर आनंदवनाच्या बाबा आमट्यांनी डिसेंबर १९८५ मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे भारत जोडो यात्रा काढली, तेव्हा शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवर होते. बाबा स्वतः पाठीच्या दुखण्यामुळे गाडीत आडवे. ती यात्रा आठवली की गिअरच्या दात्यांवर निबंध लिहिणाऱ्याला जरा ओशाळल्यासारखं होतं. तरीही लिहितो.

कारण आमचा मुलूख फसवा आहे. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आतबाहेर. इथून मूल आणि मग वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली, साधारण ८० किलोमीटर. दोन्ही बाजूंना साग, बांबू, मध्ये धानाच्या बांध्या. नकाशावर सगळं सपाट. खरे चढ कडेकडेला आहेत: दक्षिणेला गडचांदूरहून माणिकगडाच्या डोंगरांतून जिवतीकडे, आणि उत्तरेला कुरखेड्याहून कोरचीकडे जाताना बेडगावचा घाट. सह्याद्रीतून आलेला माणूस या घाटांना घाट म्हणणार नाही. पण एप्रिलमध्ये सकाळी नऊला इथे या म्हणावं. शिवाय पहाटे लवकर निघून ऊन चुकवायची सोय नाही, मूलच्या रस्त्यावर वाघांची ये-जा आहे. उजाडून चांगलं दिसू लागल्याशिवाय लोहाऱ्याच्या पुढे जायचं नाही, हा इथला नियम. म्हणजे चढ उन्हातच चढायचा. तिथे ३२ ही चैन नाही.

वजनाचं काय? हलकी सायकल हवी, हलकी हवी, असा जप चालतो. माणूस, सायकल, पाणी धरून ८५ किलो समजा. पाच टक्के चढावर ताशी १० ने जायला सुमारे १३० वॉट लागतात आणि त्यातले ११५ नुसते हे ओझं वर उचलण्यात जातात. म्हणजे वजन महत्त्वाचं, खरंच. पण कुणाचं? सायकल एक किलोने हलकी केली तर एकूण ओझं सव्वा टक्क्याहूनही कमी घटतं. पाच किलोमीटरचा चढ अर्ध्या तासात होत असेल तर वीस सेकंद वाचतात. या एका किलोसाठी पत्रकाच्या पुढच्या पानावर तीस-चाळीस हजार जास्त मागतात. मित्राच्या पोटाकडे पाहून मी हा हिशेब त्याला सांगितला. तो म्हणाला, "का बे, तू सायकल पाहून राह्यला का मले?"

सपाटीवर वजनाचा प्रश्न जवळजवळ मिटतो आणि वारा पुढे येतो. ताशी ३० ला दीडशे वॉट लागत असतील तर तीन-चतुर्थांश हवा कापण्यात जातात. वेग सव्वापट करा, हवेचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो. यावर लाखाच्या आतली चपट्या नळ्यांची फ्रेम जे देते त्याहून जास्त, कोपर वाकवून हँडलच्या खालच्या वळणावर हात नेले की मिळतं, आणि फुकट मिळतं. जाता जाता एक गंमत: गरम हवा विरळ असते. जानेवारीतल्या पहाटेच्या १५ अंशांपेक्षा मेमधल्या ४५ अंशांत हवेची घनता नऊ-दहा टक्के कमी भरते. म्हणजे चंद्रपूरचा उन्हाळा हा कागदोपत्री देशातल्या वेगवान हवामानांपैकी एक. फायदा घ्यायला माणूस शुद्धीवर राहिला पाहिजे, एवढीच अट.

आणि इथेच ही ओळ अडखळते. १८, २१. या दोघांच्या मध्ये काहीतरी गळलं आहे. चिचपल्लीच्या पुढे समोरून मंद वारा लागला की आमच्यासारख्यांचा वेग ताशी २८ वर येऊन बसतो. पुढे ५० असताना मागे १८ ठेवलं तर मिनिटाला ७९ फेऱ्या पडतात, पाय जड वाटतात. २१ वर टाकलं तर ९२, पाय नुसते भिरभिरतात. हवे असतात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी. ते मिळतात २० दात्यांवर, आणि २० या ओळीत नाही. मग माणूस तासभर १८ आणि २१ यांच्यात साखळी खालीवर करत राहतो. खटक, खटक. यती चुकलेली ओळ म्हणताना जीभ जशी दर वेळी तिथेच ठेचकाळते, तसं.

नऊ चकत्यांची ही कॅसेट शिमानोच्या सोरा या संचाबरोबर येते. त्याच्या खाली आठ चकत्यांचा क्लॅरिस, वर दहांचा टियाग्रा, त्याच्या वर १०५, अगोदर अकरांचा आणि आता बारांचा. अकरांच्या १०५ ची तीच ११-३२ अशी आहे: ११-१२-१३-१४-१६-१८-२०-२२-२५-२८-३२. दोन्ही टोकं तीच. चढावर दोघी सारख्याच चढतात. जास्तीचे पैसे सगळे मधल्या भागात गेलेत, त्या २० मध्ये. जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. तिथे 'अकरा गिअर' असं म्हणतात, जसे काही दोन गिअर वरती डोंगरात उपयोगी पडणार आहेत. महागडा संच घाटासाठी नसून मूलच्या सपाट रस्त्यासाठी आहे, हे मला पत्रकं वाचता वाचताच उमगलं.

ओळीचा पहिला शब्दही मला पटत नाही. ५० आणि ११ जोडून मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर वेग होतो ताशी ५२. जिवतीहून उतरताना तो येतो, पण तेव्हा कुणी पायडल मारत नाही, ब्रेकवर बोटं ठेवून देवाचं नाव घेतं. ११ हा भरतीचा शब्द. माझ्या हाती लेखणी असती तर तो खोडून १८ आणि २१ च्या मध्ये एक चकती घातली असती. पुनरुक्तीचाही दोष आहे. दोन गुणिले नऊ म्हणून अठरा गिअर सांगतात, पण ५०-१६ आणि ३४-११, ५०-१८ आणि ३४-१२ अशा पाच जोड्या जवळजवळ सारख्याच आहेत. खरे गिअर तेरा. तेरा पुष्कळ झाले.

पत्रकातल्या बाकीच्या ओळी भराभर. फ्रेम ॲल्युमिनियमची, सुरजागडच्या लोखंडाच्या मुलखात हे जरा विचित्र, पण पोलाद जड पडतं. (चिचपल्लीत बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे आणि जगात बांबूच्या फ्रेमी बनतात. कधीतरी कुणी मनावर घेईल.) ब्रेक डिस्कचे, तारेने ओढले जाणारे असले तरी चालतात आणि भामरागडच्या वाटेवरही दुरुस्त होतात. टायरपाशी मात्र थांबायचं. पत्रकात '२८' लिहिलेलं असतं, म्हणजे मिलिमीटर. त्याखाली बारीक अक्षरात जास्तीत जास्त किती रुंद टायर बसेल ते असतं, आणि तो आकडा ३२ किंवा वर असावा. आमच्याकडे डांबर चांगलं असलं तर फारच चांगलं असतं, आणि जिथून खनिजाचे ट्रक जातात तिथे ते नसतंच. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, हादरे कमी बसतात, आणि खडबडीत रस्त्यावर वेगही घटत नाही. उन्हात पंक्चरचा पॅच सुटतो, म्हणून ट्यूब दोन घ्यायच्या.

मित्राने शेवटी सोराचीच घेतली. २० नसलेली. महिन्याभराने, मोह पडायच्या दिवसांत, आम्ही दोघं बेडगावच्या घाटात होतो. रस्त्यावर मोहाचा तो गोडसर, आंबूस वास. मधल्या वळणानंतर मी ३२ वर आलो, मग त्यातही फेऱ्या पंचेचाळिशीवर उतरल्या. पंचेचाळीस गुणिले सव्वादोन मीटर म्हणजे ताशी सहा किलोमीटर. डाव्या बाजूने एक म्हातारा साधी काळी सायकल ढकलत चालला होता, कॅरिअरवर मोहफुलांची गोणी, सुतळीने आवळलेली. पुढे एक चकती, मागे एक. बराच वेळ आम्ही बरोबरीने गेलो. त्याने माझ्या मागच्या चाकाकडे वाकून पाहिलं.

"कावून जी, गेर नाही का याले?"

"आहेत ना. अठरा."

"अठरा!" तो दहा पावलं गप्प चालला. "मंग अठरा असून माह्याच संग चालून राह्यले?"

मला उत्तर द्यायला दम नव्हता. माथ्यावर पोचल्यावर मित्र आणि मी पाण्याच्या बाटल्या काढल्या. म्हातारा थांबला नाही. सायकल दोन हात पुढे पळवली, टांग टाकली आणि उताराला लागला. आम्ही बाटल्या लावून निघालो, मी ११ वर टाकलं, पायडलही मारलं. पहिल्या वळणापर्यंत त्याची गोणी दिसत होती. उतारावर तिचं वजन त्याच्या बाजूने होतं.