सिंधू, गीता आणि प्रेक्षकांचे अश्रू

सद्गुणाची आवड मनुष्यास स्वभावतःच असते, असें आपण मोठ्या विश्वासानें म्हणतों, आणि पुरावा म्हणून नाट्यगृहांतील अश्रूंकडे बोट दाखवितों. हा पुरावा कितपत टिकतो, हें पाहण्यास राम गणेश गडकऱ्यांचें 'एकच प्याला' हें नाटक फार उपयोगी आहे. गडकऱ्यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, १९१९ सालीं, गंधर्व नाटक मंडळीनें तें रंगभूमीवर आणिलें.

हरिश्चंद्राच्या आख्यानाचा श्रोता आरंभापासूनच निर्धास्त असतो. राज्य गेलें, स्त्रीपुत्र विकले गेले, तरी शेवटीं देव सारें परत देणार, हें त्यास ठाऊक असतें. त्याचें प्रेम सत्यावर किती आणि सत्याच्या व्याजावर किती, याचा हिशेब तेथें लागत नाहीं. गडकऱ्यांनीं हें व्याजच बुडविलें. सिंधू मोलाचें दळण दळते, आणि अखेर मद्यपी नवऱ्याच्या हातून मूल व स्वतःचा प्राणहि गमावते. देव येत नाहीं. तरीहि प्रेक्षक तिच्यापुढें नम्र होतो. त्यांतील कांहीं वाटा सिंधूची भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या गाण्याचा खरा. पण पुढें नट बदलले, म्हणून सिंधूचें पावित्र्य उणें झालें नाहीं.

मग फळाची आशा नसतांहि लोक सद्गुणाची पूजा करितात, असें यावरून सिद्ध झालें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. सिंधूचा सद्गुण सोसण्याचा आहे, आणि दुसऱ्याचें सोसणें आपणांस नेहमींच सोयीचें असतें. पतीच्या अपराधावर पांघरूण घालणारी स्त्री ज्यांस पूज्य वाटते, त्यांस त्या पूज्यतेचा लाभ घरबसल्या मिळत असतो. याच नाटकांत तळीरामाची बायको गीता आहे. ती व्यसनी नवऱ्यास तोंडावर सुनावते. खरें बोलण्याचें धैर्य हाहि सद्गुणच. परंतु तिच्या वांट्यास हशा व टाळ्या येतात, पूजा येत नाहीं.

वनपर्वांत द्रौपदीनें धर्माचरणाच्या फळाविषयीं शंका काढिली, तेव्हां फळावर डोळा ठेवणाऱ्यास युधिष्ठिरानें धर्माचा व्यापारी म्हटलें. त्या बोलण्यास वजन आलें, कारण बोलणारा स्वतः वनवास भोगीत होता. प्रेक्षक मात्र तिकिटापलीकडे कांहींच गमावीत नाहीं. त्याचे अश्रू खोटे नव्हेत. पण ते सद्गुणप्रेमाचा पुरावा ठरावयाचे, तर नाटक पाहून घरीं परतल्यावर त्यास तेथल्या गीतेचें बोलणें ऐकून घेतां आलें पाहिजे.