पाचव्या गृहीतकाचें ऋण

पुण्याच्या ‘बालभारती’नें, म्हणजे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळानें, २०१७ सालीं इयत्ता नववीसाठीं ‘गणित भाग २’ हें भूमितीचें पुस्तक प्रसिद्ध केलें. शालेय पुस्तकाचें परीक्षण वाङ्मयीन मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. परंतु ‘हें असें आहे, कारण तें तसें आहे’ अशा सुसूत्र युक्तिवादाची पहिली ओळख आपल्या बहुतेक मुलांना भूमितीच्याच पानांत होते, आणि पुष्कळांना शेवटचीही. तेव्हां ती ओळख कशी करून दिली आहे हें पाहणें टीकाकाराच्या कक्षेबाहेरचें नाहीं.

पुस्तकाची भाषा स्वच्छ आहे. पक्ष, साध्य, सिद्धता हे शब्द तर कानाला परिचित. मात्र न्यायशास्त्र पढलेला वाचक येथें क्षणभर थबकेल. त्याच्या लेखीं धूर दिसणारा पर्वत हा पक्ष, अग्नि हें साध्य. भूमितींत ‘पक्ष’ म्हणजे दिलेली माहिती. शब्द घरचा, अर्थ नवा! असो. व्यत्यासाची ओळख आरंभींच करून दिली आहे, हें उत्तम झालें. चौरसाचे कर्ण समान असतात, एवढ्यावरून समान कर्णांचा प्रत्येक चौकोन चौरस ठरत नाहीं, कारण आयताचेही कर्ण समानच असतात. ही साधी गोष्ट सभासंमेलनांतल्या कित्येक वक्त्यांना अजून उमगलेली नाहीं.

पुस्तकाचें खरें वैभव समांतर रेषांच्या प्रकरणांत आहे. दोन समांतर रेषांना छेदिकेनें छेदलें असतां एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज १८० अंश असते, हें प्रमेय तेथें अप्रत्यक्ष रीतीनें सिद्ध केलें आहे. बेरीज कमी असेल, जास्त असेल किंवा तितकीच असेल. चौथी शक्यता नाहीं. कमी मानली तर यूक्लिडच्या पाचव्या गृहीतकाप्रमाणें रेषा त्या बाजूस मिळतील. जास्त मानली तर दुसऱ्या बाजूस मिळतील. पण त्या समांतर आहेत, म्हणून तिसरीच शक्यता उरते. चौदा वर्षांच्या मुलास अनुमानाची शक्ति दाखवावयास याहून सुंदर उदाहरण मिळणें कठीण.

आमची तक्रार आहे ती ह्याच्या व्यत्यासाविषयीं. आंतरकोनांची बेरीज १८० अंश असेल तर रेषा समांतर असतात, ही ‘कसोटी’ सिद्ध करतांना रेषा मिळतात असें मानून त्रिकोण कल्पिला आहे, आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश असते ह्या प्रमेयानें विसंगति दाखविली आहे. युक्तिवादांत दोष नाहीं. पण तें प्रमेय स्वतः पाचव्या गृहीतकावर उभें आहे. म्हणजे कसोटीनेंही त्याच सावकाराचें कर्ज काढलें, आणि तें विनाकारण. यूक्लिड पहिल्या अठ्ठावीस सिद्धान्तांत ह्या गृहीतकास हात लावीत नाहीं, आणि ही कसोटी त्या अठ्ठाविसांतच आहे. त्रिकोणाचा बाह्यकोन प्रत्येक दूरस्थ आंतरकोनाहून मोठा असतो, एवढ्या भांडवलावर त्याचें काम भागतें. कर्ज काढण्याची वेळ एकोणतिसाव्या सिद्धान्तांत येते.

हा केवळ पंडिती काथ्याकूट नव्हे. लोबाचेव्हस्की (१८२९) व बोयाई (१८३२) ह्यांनीं पाचवें गृहीतक सोडून जी भूमिति उभारली, तींत प्रमेय कोसळतें, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांहून कमी भरते, पण कसोटी जशीच्या तशी टिकते. दोन विधानें जुळ्यांसारखीं दिसतात. त्यांच्या आधारांत मात्र एवढें अंतर! बाह्यकोनाची मूळ सिद्धता मुलांस जड जाईल हें मान्य. पण दोन ओळींची टीप जड गेली नसती.

कोणी म्हणतील, आपल्या परंपरेस एवढी चिकित्सा ठाऊक नव्हती. पुण्याच्याच आनंदाश्रमानें १९३७ सालीं ‘लीलावती’ गणेश दैवज्ञाच्या ‘बुद्धिविलासिनी’ टीकेसह छापली; ती ज्यानें चाळली असेल त्यास उपपत्तीचा आग्रह आपल्याकडे किती जुना आहे हें सांगावयास नको. मात्र उपपत्ति एकेका नियमाची खात्री पटविते. कोणता निष्कर्ष कोणत्या गृहीतकाचा ऋणी आहे, ह्याची खातेवही ठेवणें हा यूक्लिडचा विशेष, आणि शाळेंत त्याची भूमिति शिकवावयाची ती ह्याच विशेषासाठीं.

म्हणूनच ‘कृति’ नांवाच्या रिकाम्या चौकटी आम्हांस खटकतात. सिद्धता आधींच मांडलेली, मधले शब्द तेवढे गाळलेले. विद्यार्थ्यानें ‘व्युत्क्रम कोन’ किंवा ‘पक्ष’ असें कांहीं भरावें. मंद विद्यार्थ्यास त्यांचा हात मिळतो, हें खरें. पण पुढची पायरी कोणती हा प्रश्न त्याच्यापुढें कधींच येत नाहीं. तो पुस्तकानें आधींच सोडविलेला असतो. चौकटी राहूं द्याव्यात. परंतु प्रत्येक प्रकरणांत निदान एक आकृति अशी असावी कीं जिच्याखालीं पक्षही लिहिलेला नाहीं, साध्यही नाहीं, आणि पुढें अर्धें पान कोरें आहे.