‘आहे’ म्हणजे किती आहे?
रुग्णालयांतील संगणकीय नोंदींच्या मोजणीविषयी

एखाद्या प्रदेशातील रुग्णालये रुग्णांच्या नोंदी ठेवण्यासाठी कोणती संगणकप्रणाली वापरतात, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. यादी करावी, प्रश्नावली धाडावी, आलेली उत्तरे मोजावीत आणि टक्केवारी काढावी. प्रत्यक्षात अशा पाहण्या शेजारीशेजारी ठेवून वाचल्या की वाचक गोंधळतो. देश तोच, साल जवळपास तेच, आणि आकडे मात्र १.५ टक्क्यापासून १७ टक्क्यांपर्यंत काहीही. हे आकडे खोटे नसतात. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असतो, आणि छापताना नेमका तो प्रश्नच गळून पडतो.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ, कारण या विषयावर तिथे झालेली एक पाहणी फार काळजीपूर्वक केलेली आहे. आशिष झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली रुग्णालयांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. “तुमच्याकडे संगणकीय नोंदी आहेत का?” असा भाबडा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तज्ज्ञांच्या मदतीने त्यांनी कामांची यादी केली: तपासणीचे निकाल पडद्यावर दिसतात का, औषधाची मागणी संगणकातून जाते का, डॉक्टरांचे टिपण आणि परिचारिकेची नोंद त्यात असते का, वगैरे. अशी २४ कामे सर्व प्रमुख विभागांत संगणकावर होत असतील तरच त्या रुग्णालयाची प्रणाली ‘सर्वंकष’ धरली. निकाल आला १.५ टक्का! निदान एका विभागात मोजकी कामे होत असतील तर ती ‘प्राथमिक’ प्रणाली. अशी आणखी ७.६ टक्के रुग्णालये निघाली. आता व्याख्येतून डॉक्टर-परिचारिकांच्या टिपणांची अट तेवढी काढली, की हेच ७.६ चे १०.९ होतात. केवळ औषधाची मागणी संगणकातून जाते का एवढेच पाहिले तर १७ टक्के. माजी सैनिकांसाठीची सरकारी रुग्णालये हिशेबात घेतली, तर १.५ चे जवळजवळ दुप्पट म्हणजे २.९ होतात.

म्हणजे एकही नवा संगणक न बसवता, फक्त व्याख्येची रेघ इकडेतिकडे सरकवून आकडा कितीतरी पट बदलला. या लेखकांचे श्रेय असे की त्यांनी सगळ्या रेघा वाचकासमोर उघड्या ठेवल्या. वर्गात ‘व्याख्या’ शिकवताना आपण भूमितीकडे धावतो. हे उदाहरण त्याहून परिणामकारक ठरेल असे वाटते.

तरीही दोन ठिकाणी थांबावे लागते. पहिले ठिकाण म्हणजे न आलेली उत्तरे. या पाहणीत ६३.१ टक्के रुग्णालयांनी उत्तर दिले. टपाली प्रश्नावलीच्या मानाने हे प्रमाण चांगलेच आहे, आणि लेखकांनी उरलेल्यांसाठी गणिती दुरुस्तीही केली. पण दुरुस्ती न करता काय होईल ते विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगे आहे. समजा १०० रुग्णालयांपैकी ६३ नी उत्तर दिले आणि त्यांतील २० जणांकडे प्रणाली आहे. आपण ‘सुमारे ३२ टक्के’ असे लिहून मोकळे होतो. न बोललेल्या ३७ पैकी एकाकडेही ती नसेल तर खरा आकडा २०. सगळ्यांकडे असेल तर ५७. उत्तर न देणारी रुग्णालये बहुधा लहान, आडगावची आणि मनुष्यबळ कमी असलेली असतात. ज्यांच्याविषयी जाणून घ्यायचे तीच गप्प राहतात.

दुसरे ठिकाण, उत्तर कोण देतो? प्रश्नावली रुग्णालयाच्या प्रमुखाकडे गेली आणि त्याने ती सर्वांत जाणकार व्यक्तीकडे सोपवावी असे सुचवलेले होते. ही व्यक्ती बहुधा संगणक विभागाचा प्रमुख. प्रणाली विकत घेणारा तोच आणि ती चालते असे सांगणाराही तोच! रात्रपाळीच्या परिचारिकेला विचारले असते तर तेच उत्तर आले असते का? आपल्या शाळांत यू-डायसचा तक्ता भरणाऱ्या शिक्षकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ‘संगणक आहेत’ आणि ‘चालू आहेत’ हे दोन रकाने वेगळे असतात. पण ‘मुलांचा हात त्याला लागतो का’ हा रकाना कुठे असतो?

एकक कोणते घ्यावे, हाही प्रश्न आहे. ‘कोणती प्रणाली सर्वाधिक वापरली जाते’ असे विचारताना रुग्णालये मोजायची की खाटा? एका भागात ५०० खाटांचे एक मोठे रुग्णालय ‘क’ प्रणाली वापरते आणि २५ खाटांची नऊ लहान रुग्णालये ‘ख’ वापरतात असे धरू. रुग्णालये मोजली तर ‘क’चा वाटा १० टक्के, खाटा मोजल्या तर ७२५ पैकी ५००, म्हणजे जवळपास ६९ टक्के. ‘क’ विकणारी कंपनी कोणता आकडा जाहिरातीत घालेल हे सांगायला नको. अमेरिकेत तर हा खेळ अगदी खराखुरा आहे, कारण तिथे दुर्गम भागातील छोट्या रुग्णालयांचा एक अधिकृत वर्गच आहे आणि त्यात खाटांची मर्यादा २५ आहे.

पुढे काय झाले ते पाहू. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, आणि संगणकीय नोंदी वापरणाऱ्या रुग्णालयांना व डॉक्टरांना अनुदान मिळू लागले. एकूण रक्कम तीस अब्ज डॉलरांच्या वर गेली. २०१५ साली सरकारी तक्ता सांगू लागला की बिगर-केंद्रीय रुग्णालयांपैकी ९६ टक्क्यांकडे प्रमाणित प्रणाली आहे. त्याच वर्षी, त्याच खात्याच्या आकडेवारीत, ‘प्राथमिक’ व्याख्येत बसणारी रुग्णालये ८४ टक्के होती. आणि बाहेरच्या दवाखान्यातली माहिती शोधणे, पाठवणे, घेणे व आपल्या नोंदीत वापरणे ही चारही कामे करणारी? सुमारे एक चतुर्थांश. भाषणांत अर्थातच ९६ हाच आकडा मिरवला. माझी तक्रार इथे आहे. ज्या गोष्टीसाठी पैसे दिले तीच मोजली, आणि ती वाढली यात नवल ते काय? शिवाय वृद्धांची शुश्रूषागृहे आणि मनोरुग्णालये यांना या अनुदानात स्थानच नव्हते. एकच म्हातारा माणूस रुग्णालयातून शुश्रूषागृहात जातो, तेव्हा त्याचे कागद पुन्हा फॅक्सनेच जायचे.

‘कोणती प्रणाली’ या रकान्यात नाव भरले म्हणजे माहिती पूर्ण झाली, या समजुतीला एक दाखला पुरेसा आहे. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात ऑक्टोबर २०२० मध्ये ‘व्हिस्टा’ ही जुनी, खात्याने स्वतः घडवलेली प्रणाली काढून ‘सर्नर’ कंपनीची नवी प्रणाली बसवली. डॉक्टर संगणकावर तपासणीची किंवा तज्ज्ञाकडे पाठवण्याची मागणी नोंदवत. मागणी कोणत्या विभागाची हे प्रणालीला जुळवता आले नाही, की ती एका अज्ञात रांगेत जाऊन पडे, आणि डॉक्टरांना त्याची सूचनाच मिळत नसे. जून २०२१ पर्यंत अशा ११,००० हून अधिक मागण्या त्या रांगेत गेल्या. खात्याच्या महानिरीक्षकांचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला. त्यात रुग्णांना अपाय झाल्याच्या १४९ घटना नोंदलेल्या आहेत. केंद्र सरकारचे असल्याने हे रुग्णालय वरच्या ९६ टक्क्यांच्या तक्त्यात नव्हतेच. पण असते, तरी तिथे एक बरोबरची खूणच पडली असती. कागदी केसपेपर हरवला तर निदान जागा रिकामी दिसते. इथे मागणी ‘पाठवली’ असे पडद्यावर दिसत होते.

आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू आहे. त्याच्या फलकावर तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजलेल्या दिसतात: काढलेली आभा खाती, नोंदणी झालेली रुग्णालये-दवाखाने, आणि खात्यांना जोडलेल्या आरोग्यनोंदी. हे वेगळे मोजले हे चांगलेच झाले. बातम्यांत मात्र बहुधा पहिलाच आकडा, कोट्यवधींचा, येतो.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना आपल्या तालुक्यापुरती छोटी पाहणी करता येईल. प्रश्न तीनच ठेवावेत. केसपेपर काढण्याच्या खिडकीवर विचारावे: रुग्णाचा मागच्या खेपेचा कागद संगणकावर निघतो का? औषधाच्या खिडकीवर विचारावे: चिठ्ठी पडद्यावर येते की हातात? आणि परिचारिकेला विचारावे: वीज गेली की नोंद कशात करता, आणि ती मागाहून संगणकात कोण घालते?