एक लेख, एक पत्र आणि दोन पाऊलवाटा

वाङ्मयानें जग बदलतें कीं जगच वाङ्मयाला बदलतें, हा वाद मासिकांतून वारंवार झडलेला आहे, आणि त्याचा निकाल लागण्याचीं चिन्हें अद्यापि दिसत नाहींत. ह्याचें एक कारण असें, कीं वाङ्मयाचा परिणाम मोजावयास आपणांजवळ माप नसतें. एखादी कादंबरी वाचून किती मनें हेलावलीं, हें कोणी सांगावें? परंतु क्वचित् असें एखादें लिखाण सांपडतें, कीं ज्याचा परिणाम चक्क मैलांनीं मोजतां येतो. अशा दोन लिखाणांचा परामर्श येथें घेण्याचें आम्हीं योजिलें आहे. दोन्ही लिखाणें अमेरिकेंतील आहेत व दोन्ही आकारानें लहान आहेत. एक मासिकांत आलेला लेख आहे. दुसरें वर्तमानपत्राच्या संपादकास लिहिलेलें पत्र आहे. दोहोंची मागणी मात्र एकच आहे: माणसाला चालावयास वाट हवी.

ही मागणी ज्या कल्पनेची आहे, तिला अलीकडे ‘हरितमार्ग’ असें नांव पडलें आहे. नदीचा कांठ, डोंगराची धार, कालव्याची कड, किंवा आगगाडी बंद पडल्यावर रिकामी उरलेली रुळांची पट्टी, अशी अरुंद परंतु लांबच लांब जमीन मोटारींस बंद करावी. तिच्या दोन्ही अंगांस झाडें व गवत वाढूं द्यावें. आणि एका वस्तीपासून दुसऱ्या वस्तीपर्यंत ती पायीं चालणाऱ्यांस मोकळी ठेवावी, ही ती कल्पना. उद्यानाकडे आपणांस जावें लागतें. हरितमार्ग आपल्या दारावरून जातो. ह्या विषयावर चार्ल्स लिटल यांनीं १९९० मध्यें एक ग्रंथ लिहिला आणि अशा मार्गांचे पांच प्रकार पाडून दाखविले. शास्त्रीय वर्गीकरणाची योग्यता आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु वर्गीकरण वाचून सहसा कोणी कुदळ हातीं घेत नाहीं. कुदळ हातीं घ्यावयास लावणारें लिखाण निराळें असतें, आणि प्रस्तुत दोन लिखाणें त्या जातीचीं आहेत.

पहिला लेख बेंटन मकाय यांचा. हे गृहस्थ वनशास्त्रज्ञ होते, आणि त्यांचा लेख ऑक्टोबर १९२१ मध्यें अमेरिकेंतील वास्तुशास्त्रज्ञांच्या संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं एप्रिलमध्यें त्यांची पत्नी निवर्तली होती. तें दुःख ताजें असतां ह्या लेखाची सिद्धता झाली. वैयक्तिक शोकाची छाया मात्र लेखावर कोठेंही पडलेली नाहीं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर असा अॅपलेशियन पर्वत उत्तर-दक्षिण पसरलेला आहे. त्याच्या माथ्यावरून, उत्तरेंतील मौंट वॉशिंग्टनपासून दक्षिणेंतील मौंट मिचेलपर्यंत, एक अखंड पाऊलवाट असावी, असें त्यांनीं सुचविलें. पर्वताच्या शिखरांवरून पावलें टाकीत जाणारा एक राक्षस त्यांनीं कल्पिला, आणि त्याच्या डोळ्यांनीं खालचा देश वाचकांस दाखविला: गजबजलेलीं शहरें, ओस पडत चाललेलीं खेडीं, तुटलेलीं रानें. योजनेच्या रुक्ष भाषेंत हा राक्षस अवतरतो, त्या क्षणीं लेख नकाशाच्या पातळीवरून वाङ्मयाच्या पातळीवर चढतो.

परंतु लेखाचा खरा गाभा ह्या राक्षसांत नाहीं. मकाय यांच्या योजनेचे चार भाग होते. पहिला भाग पाऊलवाट. दुसरा, वाटेवरचे निवारे. तिसरा, वाटेलगतच्या सामुदायिक वसाहती. आणि चौथा, त्या वसाहतींस अन्न पुरविणारीं शेतें. शहरांतील श्रमजीवी मनुष्यानें सुटींत चार दिवस हिंडून परत जावें, एवढ्यावर त्यांची दृष्टि थांबलेली नव्हती. स्पर्धेवांचून व नफ्यावांचून माणसें एकत्र राहूं शकतात कीं नाहीं, ह्याची ती एक प्रयोगभूमि व्हावी, असें त्यांस वाटत होतें. ह्या वसाहती जमिनीच्या व्यापाराचा विषय होतां कामा नयेत, अशी स्पष्ट अट त्यांनीं घातली होती. ह्या अटीकडे वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. पुढें तिच्याशीं आपणांस काम आहे.

योजनेचें पुढें काय झालें? १९२५ मध्यें ह्या कार्यासाठीं एक परिषद स्थापन झाली, ठिकठिकाणच्या डोंगर चढणाऱ्या मंडळ्यांनीं आपापला तुकडा अंगावर घेतला, आणि १९३७ मध्यें वाट पूर्ण झाली. आज ती १४ राज्यांतून जाते, आणि तिची लांबी सुमारें २,१९० मैल, म्हणजे मूळ कल्पनेहूनही अधिक, आहे. हें कार्य तडीस नेण्याचें श्रेय मोठ्या प्रमाणांत मायरन एव्हरी यांचें. व्यवसायानें ते वकील होते. मोजणीचें चाक ढकलीत ते मैलचे मैल चालले. मकाय यांनीं स्वप्न पाहिलें, एव्हरी यांनीं फर्लांग मोजले. पुढें ह्या दोघांचें बिनसलें. व्हर्जिनियांत डोंगरमाथ्यावरून मोटाररस्ता काढण्याचें ठरलें, तेव्हां एव्हरी यांनीं तडजोड पत्करली आणि मकाय यांनीं ती पत्करली नाहीं. आमच्या मतें दोघेही आपापल्या ठिकाणीं बरोबर होते: तडजोड नसती तर वाट अखंड होणें कठीण होतें, आणि विरोध नसता तर ती कशासाठीं काढली ह्याचें भान उरलें नसतें. मात्र एक गोष्ट निश्चित आहे. चार भागांपैकीं वाट झाली, निवारे झाले. वसाहती व शेतें कागदावरच राहिलीं. अर्धा लेख पर्वतावर उतरला, आणि उरलेला अर्धा जुन्या अंकांत पडून आहे.

आतां दुसरें लिखाण. शिकागो शहरापासून पश्चिमेकडे ऑरोरा व एल्जिन ह्या गांवांपर्यंत एक विजेची आगगाडी जात असे. नव्या मोटाररस्त्याच्या बांधकामामुळें शहराच्या मध्यभागीं जाणारा तिचा थेट मार्ग १९५३ मध्यें तुटला, आणि ३ जुलै १९५७ रोजीं भर दुपारीं तिची प्रवासी वाहतूक एकाएकीं बंद झाली; सकाळीं तिनें शहरांत गेलेल्या चाकरमान्यांस संध्याकाळीं घरीं परतावयास ती गाडी उरली नाहीं. दोन वर्षांनीं मालवाहतूकही थांबली. रूळ उचलले गेले आणि उपनगरांच्या मधून जाणारी एक लांब ओसाड पट्टी मागें उरली. अशा पट्टीचें भवितव्य ठरलेलें असतें: तिचे तुकडे पडतात, एका तुकड्यावर गुदाम उठतें, दुसऱ्यावर मोटारी उभ्या राहतात, आणि दहा वर्षांनीं येथें एकसंध कांहीं होतें हेंही कोणास आठवत नाहीं.

अशा वेळीं, ३० सप्टेंबर १९६३ रोजीं, ‘शिकागो ट्रिब्यून’ पत्रांत मे थीलगार्ड वॉट्स ह्या बाईंचें एक पत्र प्रसिद्ध झालें. वॉट्सबाई मॉर्टन वृक्षोद्यानांत निसर्गशिक्षणाचें काम करीत असत. भूमीचें दर्शन ग्रंथाप्रमाणें वाचावें कसें, हें सांगणारें त्यांचें पुस्तक १९५७ मध्येंच निघालें होतें. पत्र लिहिलें तेव्हां त्यांचें वय सत्तरीला टेकलें होतें. वर्तमानपत्रांतील पत्रांस वाङ्मयाचा मान सहसा मिळत नाहीं. तीं सकाळीं वाचावयाचीं आणि संध्याकाळीं त्यांत वाणसामान बांधावयाचें, असाच त्यांचा लौकिक आहे. हें पत्र मात्र त्यास अपवाद समजलें पाहिजे.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. बाई तक्रारीनें आरंभ करीत नाहींत व आंकडेही देत नाहींत. मनुष्य हा दोन पायांवर चालणारा प्राणी आहे, एवढ्या सर्वमान्य गोष्टीवरून त्या थेट पाऊलवाटेच्या गरजेवर येतात. मग त्या पूर्वीं इतरत्र साधलेल्या गोष्टींचा दाखला देतात, आणि त्यांत ब्रिटनमधील जुन्या पाऊलवाटांबरोबर अॅपलेशियनच्या वाटेचाही उल्लेख येतो. अशा रीतीनें १९२१ च्या लेखाचा धागा ह्या पत्रांत येऊन मिळतो. त्यानंतर त्या वाचकाचा हात धरून त्याला पुढच्या काळांत घेऊन जातात आणि अजून अस्तित्वांत नसलेल्या वाटेवरून शरद् ऋतूच्या एका दिवशीं फिरवून आणतात. झाडें, झुडपें, मैदानांतलें उंच गवत व त्यांतलीं रानफुलें त्यांनीं नांवानिशीं सांगितलीं आहेत. वनस्पतींची इतकी नेमकी नांवें वाचल्यावर ती वाट खोटी आहे असें मन मानीतच नाहीं. आणि वाचक तेथें रमला असतां बाई त्याला एकदम ओसाड पट्टीवर परत आणून उभा करतात: हें सर्व अजून व्हावयाचें आहे, आणि जमीन खरवडणारीं यंत्रें तोंडाला पाणी सुटून वाट पाहत आहेत. पत्र संपतें.

पत्राचा परिणाम शब्दांवर थांबला नाहीं. शेजारपाजारच्या नागरिकांची एक संस्था १९६५ मध्यें उभी राहिली, स्थानिक सरकाराकडून जमीन उपयोगास मिळाली, स्वयंसेवकांनीं काटेरी झुडपें तोडलीं, आणि ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ ह्या नांवाची वाट तयार झाली. १९७१ मध्यें तिला राष्ट्रीय मान्यता मिळाली. आज तिची लांबी सुमारें ६० मैल आहे. बंद पडलेल्या लोहमार्गाची वाट करण्याचे जे पहिले कांहीं प्रयत्न त्या देशांत झाले, त्यांतला हा एक; आज तेथें अशा वाटांची एकूण लांबी २५,००० मैलांहून अधिक भरते.

दोन्ही लिखाणें शेजारीं ठेवून पाहिलीं, तर लेखनगुणांत पत्र सरस आहे, असें आम्हांस म्हणावेंसें वाटतें. मकाय राष्ट्राशीं बोलतात. वॉट्सबाई शेजाऱ्याशीं बोलतात. मकाय यांचा राक्षस पर्वतावरून चालतो. बाईंच्या वाटेवरून वाचक स्वतः चालतो. प्रचाराच्या वाङ्मयांत हा भेद निर्णायक ठरतो. परंतु विचाराच्या खोलीनें लेख श्रेष्ठ आहे. वाट झाल्यावर काय होईल, हा प्रश्न पत्राला पडलेलाच नाहीं; लेखाला तो पडला होता. आणि आजची अडचण नेमकी तेथेंच आहे.

ही अडचण दुहेरी आहे. पहिली जमीनमालकांची. पुष्कळ ठिकाणीं रेल्वेला जमिनीची मालकी मिळालेली नव्हती, केवळ जाण्याचा हक्क मिळाला होता. गाडी गेली कीं जमीन आपली, असें लगतच्या मालकांनीं धरलें, तर त्यांना लोभी म्हणतां येणार नाहीं. १९८३ च्या कायद्यानें असे मार्ग भविष्यांतील आगगाडीसाठीं राखून तोंपर्यंत वाट म्हणून वापरण्याची मुभा दिली. व्हर्मॉन्टमधील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९९० मध्यें तो कायदा वैध ठरविला. पण त्याच प्रकरणांत १९९६ मध्यें अपील न्यायालयानें मालकांना भरपाई देय आहे, असाही निर्णय दिला. आम्हांस हे दोन्ही निर्णय मिळून न्याय्य वाटतात. सार्वजनिक सुखाची किंमत एकट्या शेजाऱ्यानें कां भरावी?

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे, आणि ती प्रचाराच्या वाङ्मयानें स्वतः ओढवून घेतली आहे. हरितमार्गांचा पुरस्कार करणारीं अलीकडचीं पत्रकें वाचलीं, तर त्यांत एक मुद्दा हमखास आढळतो: वाट झाल्यानें लगतच्या घरांच्या किंमती वाढतील. नगरपालिकेच्या सभासदांना हा मुद्दा तत्काळ पटतो, म्हणून तो पुढें करतात. पण किंमत वाढणें म्हणजे भाडेकऱ्यास घर महाग होणें, हें त्यांत कोणी लिहीत नाहीं. न्यूयॉर्क शहरांत मालगाड्यांच्या जुन्या उंच पुलावर २००९ मध्यें ‘हाय लाइन’ नांवाची सुंदर हिरवी वाट सुरू झाली. जगभरचे लोक ती पाहावयास लोटले, भोंवतीं धनिकांच्या इमारती उठल्या; आणि पुढें २०१७ मध्यें तिच्या एका संस्थापकानेंच, लगतच्या वस्तींतील सामान्य रहिवाशांसाठीं आपण अपुरे पडलों, असें जाहीरपणें कबूल केलें. ज्यांच्या दारावरून वाट जावयाची, त्यांचें दारच जर नाहींसें झालें, तर ती वाट कोणासाठीं?

येथें मकाय यांची विसरलेली अट आठवते. वाटेच्या कडेची भूमि व्यापाराचा विषय होऊं देऊं नका, असें त्यांनीं १९२१ मध्येंच बजावलें होतें. त्यांची वसाहतींची योजना अव्यवहार्य होती, असें वाटणें शक्य आहे. आम्हांसही ती जशीच्या तशी साध्य होण्यासारखी वाटत नाहीं. पण तिच्यामागचा प्रश्न व्यवहाराचाच होता. वाट काढण्याचा ठराव ज्या सभेंत होतो, त्याच सभेंत लगतच्या भाडेकऱ्यांच्या घरांचा विचार व्हावा, एवढा तरी अर्थ त्या अटींतून आजही निघतो.

म्हणून ह्या विषयावर पुढें लिहूं इच्छिणाऱ्यांस आमची सूचना अशी, कीं त्यांनीं लेखणी वॉट्सबाईंची घ्यावी आणि प्रश्न मकाय यांचे घ्यावे. झाडांचीं नांवें माहीत असल्यावांचून वाटेचें वर्णन करूं नये, आणि वाटेलगत कोण राहतो हें माहीत असल्यावांचून तिची शिफारस करूं नये. लोहमार्गाची पट्टी एकदां तुकड्यांनीं विकली गेली कीं ती पुन्हा सांधणें जवळजवळ अशक्य असतें. त्यामुळें अशा लिखाणाला वेळेचें बंधन आहे. तें वेळेवर झालें पाहिजे, आणि घाईनें तर होतां कामा नये. शिकागोच्या त्या एका पत्रानें हें दोन्ही साधलें. म्हणूनच तें अद्यापि वाचनीय राहिलें आहे.