झगा आणि करार : पॅट्सी क्लाइनचं टीव्हीवरचं पदार्पण



कंट्री संगीतावर लिहिणाऱ्यांचा एक आवडता प्रश्न आहे : हा कलाकार ‘अस्सल’ की टेलिव्हिजननं घडवलेला? आज या प्रश्नाचीच तपासणी करू. उदाहरण पॅट्सी क्लाइनचं.

२१ जानेवारी १९५७. सीबीएस वाहिनीवर ‘आर्थर गॉडफ्रीज टॅलेंट स्काउट्स’ हा कार्यक्रम थेट प्रसारित होतो आहे. व्हर्जिनियातल्या विंचेस्टरची २४ वर्षांची ही गायिका स्पर्धक आहे. तिला आणणारी ‘गुणशोधक’ म्हणजे प्रत्यक्षात तिची आईच; नातं तेवढं लपवलेलं! याच आईनं शिवलेला काउगर्लचा पोशाख घालून तिला गायचं होतं. कार्यक्रमवाल्यांनी सांगितलं, तो नको, पार्टीत घालतात तसा झगा घाला. गाणंही त्यांनीच निवडलं : ‘वॉकिंग आफ्टर मिडनाइट’. तिला ते फारसं आवडत नव्हतं आणि मुळात ते के स्टार या पॉप गायिकेसाठी लिहिलेलं होतं. तरी टाळ्या मोजणाऱ्या यंत्राचा काटा पार टोकाला गेला. ती जिंकली. पुढे ती रेकॉर्ड कंट्रीच्या यादीत २ऱ्या आणि पॉपच्या यादीत १२व्या क्रमांकावर पोचली.

आता, पोशाख तिचा नाही, गाणं तिचं नाही. मग तिचं काय उरलं? अस्सलपणा म्हणजे आपण स्वतः निवडलेल्या गोष्टींची बेरीज, असं मानलं तर उत्तर ‘काहीच नाही’ असं येईल. पण रेकॉर्ड ऐका. आवाज तालाच्या किंचित मागे रेंगाळतो, मध्येच खरखरतो, शब्दाच्या टोकाला हुंदक्यासारखा तुटतो. हे तिला कुणी नेसवलेलं नाही. हायडेगर म्हणतो, माणूस आपण न निवडलेल्या जगात फेकला गेलेला असतो. त्या फेकलेपणाचं आपण काय करतो, तिथे आपलेपण सुरू होतं. पॅट्सीनं दिलेलं गाणं घेतलं आणि आपलं केलं.

इथे थांबलो तर मात्र आपण टीव्हीवाल्यांची वकिली करून बसू. कारण गोष्ट पुढे आहे. या यशानंतर जवळजवळ चार वर्षं तिचं एकही गाणं गाजलं नाही. का? १९५४ साली तिनं फोर स्टार या कंपनीशी करार केला होता. त्या करारानुसार, ज्यांचे प्रकाशनहक्क कंपनीकडे आहेत अशीच गाणी तिनं गायची. म्हणजे विहीर एकच, आणि तिला पाणी कमी. १९६० साली करार संपला, ती डेका कंपनीकडे गेली. निर्माता ओवेन ब्रॅडली, तोच, आधीचाही! बदलली ती फक्त गाणी मिळण्याची वाट. लगेच १९६१ मध्ये ‘आय फॉल टू पीसेस’ कंट्रीच्या यादीत पहिलं आलं, पाठोपाठ ‘क्रेझी’. गंमत बघा, ही दोन्ही गाणी गायलाही ती सुरुवातीला नाखूषच होती!

म्हणून ‘निवड कुणी केली’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कशातून निवडायची मुभा होती’ हा खरा प्रश्न. दुसऱ्यानं सुचवलेलं गाणं आपलं करता येतं; पण चांगली गाणी दारापर्यंतच येऊ दिली नाहीत, तर आवाज काय करणार?

आपल्या समीक्षेची चूक इथे आहे. पडद्यावरचा झगा दिसतो, म्हणून आपण झग्यावर बोलतो. कागदावरचा करार दिसत नाही, म्हणून त्यावर गप्प राहतो. झग्यानं तिची एक संध्याकाळ घेतली. करारानं वर्षं घेतली. आणि तिच्याकडे वर्षं फार नव्हती. ५ मार्च १९६३ रोजी विमान अपघातात ती गेली, वयाच्या ३० व्या वर्षी.

तेव्हा यापुढे टीव्हीवर एखादं कोवळं पोर गाताना पाहाल, तेव्हा ‘हे अस्सल आहे का?’ एवढंच विचारू नका. ‘याच्या सहीखाली काय लिहिलंय?’ हेही विचारा.